फारखतीच्या सहीने रजा बुडत नाही

डिचोलीच्या खाणीवर किंवा पेडण्याच्या तुये औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या माणसाची नोकरी संपते, त्या दिवशी कचेरीतील टेबलावर त्याच्यापुढे दोन कागद मांडले जातात. एक धनादेश आणि दुसरे मुक्ततापत्र. मुक्ततापत्रातील मजकूर बहुधा ठरलेला असतो: मला येणे असलेली सर्व रक्कम पोहोचली, पगार, बोनस, ग्रॅच्युइटी, रजा वा अन्य कोणत्याही सबबीवर माझे काहीही मागणे उरलेले नाही व पुढेही मी ते करणार नाही. जुन्या दप्तरात या कागदाला फारखती म्हणत. कारखान्यात त्याला ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. आधी सही आणि मग धनादेश, हा क्रम कोठेही चुकत नाही. घरी गेल्यावर एखादा शिकलेला पुतण्या हिशेब मांडतो, तेव्हा ध्यानात येते की ग्रॅच्युइटी आली, शेवटच्या महिन्याचा पगार आला, पण शिल्लक रजेचा एक पैसाही आला नाही. विचारावयास गेलेल्या कामगाराला त्याच्याच सहीची नक्कल दाखवली जाते, आणि तो मुकाट्याने माघारी फिरतो.

त्याने माघारी फिरू नये, एवढेच सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे.

हा प्रश्न गोव्याचा असला तरी गोव्यापुरता नाही. बांद्याहून पत्रादेवीमार्गे, दोडामार्गाहून डिचोलीकडे, आणि खानापूर-बेळगावकडून चोर्ल्याचा घाट उतरून पोटासाठी गोव्यात जाणाऱ्या तरुणांची संख्या लहान नाही. त्यांचे आईबाप, भाऊबंद हे आमचे वाचक आहेत. खाणधंद्याने तर या मुलखाला दोन मोठे हादरे दिले. गोवा सरकारने १० सप्टेंबर २०१२ रोजी खाणी स्थगित केल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. त्यातून सावरतो न सावरतो तोच ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून यंत्रे थंडावली. न्यायालयाचा तो निकाल पट्ट्यांच्या बेकायदेशीर नूतनीकरणाविषयी होता व त्याच्याशी आमचे भांडण नाही. परंतु यंत्र थांबले की पहिला कागद कामगाराच्या पुढ्यात येतो, आणि अशा पडत्या काळात सही करणाऱ्याचा हात किती मोकळा असतो हे सांगावयास नको. मुलाची फी भरावयाची आहे, पतपेढीचा हप्ता थकला आहे. अशा वेळी ‘सही कर, नाहीतर चेक पुढच्या महिन्यात बघू’ एवढे वाक्य पुरते.

रजा ही मालकाची मेहेरबानी आहे, असा समज अजूनही पुष्कळांच्या मनात घर करून आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की त्यांत कामगारही आहेत. वस्तुस्थिती काय आहे? १९३६ साली जिनिव्हास आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने पगारी रजेचा करार मंजूर केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये संपाच्या लाटेनंतर कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली. जिनिव्हाच्या त्या करारातील चौथे कलम आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालते: पगारी रजेचा हक्क सोडून देण्याचा कोणताही करार निरर्थक समजावा, असे ते सांगते. म्हणजे रजेचा हक्क जन्मला तोच, तो लिहून घेता येणार नाही या अटीसह. ज्यांनी हा नियम घातला त्यांना माणसाचा स्वभाव आणि मालकाची कचेरी या दोहोंची चांगली पारख होती, असे म्हणावे लागते.

आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यांत पगारी सुट्टी आली. १९४८ च्या कारखाने कायद्याने तिला नीट रूप दिले. वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा. १९५२ च्या खाण कायद्यात जमिनीवरील कामासाठी हाच हिशेब होता. जमिनीखाली उतरणाऱ्यासाठी १५ दिवसांमागे एक दिवस. गोव्याच्या खाणी उघड्या असल्याने येथे वीसाचाच हिशेब लागतो. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय कामगार कायदे गोव्यात आले, तेव्हापासून हा हक्क डिचोलीच्या खाणकामगाराला आहे. दर वीस दिवसांच्या घामातून एक दिवस तो बाजूला ठेवतो. ती त्याची ठेव आहे. पेढीत ठेवलेली ठेव परत देताना पेढीवाला जर म्हणू लागला की तू सही केलीस, आता ठेव माझी, तर आपण त्याला काय म्हणू?

ही ठेव केवढी असते, तेही पाहू. वर्षात ३०० हजेऱ्या भरणाऱ्याला १५ दिवस रजा मिळते. दोन वर्षे ती घेतली नाही की ३० दिवस साठतात, आणि साधारणतः तेवढीच पुढे नेता येते. दिवसाची सरासरी कमाई ६०० रुपये धरली तर हे १८,००० रुपये झाले. कंपनीच्या ताळेबंदात ही रक्कम दिसणारही नाही. सालच्या वा मोप्याच्या घरात ती पावसाळ्याची बेगमी असते. आणि असे शंभर कामगार एका दमात घरी गेले, तर तेच १८ लाख रुपये होतात. एकेकाचे क्षुल्लक वाटणारे येणे मालकाला सोडवत का नाही, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

तीस दिवसांच्या या मर्यादेला कारखाने कायद्याने एक महत्त्वाचा अपवाद ठेवला होता, आणि तो कामगारांना क्वचितच ठाऊक असतो. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करूनही रजा नाकारली गेली असेल, तर ती नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेविना पुढे जाते. आमच्याकडचा माणूस रजा केव्हा मागतो? शिरगावच्या लईराईच्या जत्रेला धोंड म्हणून व्रत धरावयाचे असते तेव्हा, पेडण्याच्या पुनवेला, चवथीला. मागतो तोंडी, आणि नकारही तोंडीच मिळतो: ‘आता कामाचा जोर आहे, मागाहून बघू.’ त्या तोंडी नकाराचा पुरावा पुढे कोणत्याही न्यायालयात उभा राहत नाही. देवीच्या व्रतात जो माणूस तसूभर चुकत नाही, तो एका चिठ्ठीचा आळस करून आपले हक्काचे दिवस घालवतो! अर्ज लिहावा, त्याची नक्कल ठेवावी, पोच घ्यावी.

नोकरी संपल्यावर रजेचे पैसे केव्हा द्यावयाचे, याविषयीही कायद्याने संदिग्धता ठेवली नव्हती. कारखान्यातील कामगाराला काढून टाकले वा तो स्वतः सोडून गेला, तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी. निवृत्त झाला वा वारला, तर दोन महिन्यांच्या आत. खाणीतही मालकाने काढल्यास दुसऱ्या दिवसाचीच मुदत होती. या तरतुदींत ‘मुक्ततापत्र दिल्यास’ अशी अट कोठेही नाही. जो पैसा बिनशर्त द्यावयाचा, त्याच्यावर सहीची शर्त घालणे हेच मुळात गैर आहे.

आता त्या कागदाकडे वळू. मालकाचा वकील म्हणतो, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे आपले येणे सोडून देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. हे खरे आहे. ६३ वे कलम तसे सांगते. दोन व्यापाऱ्यांच्या देवघेवीत ते शोभतेही. परंतु मजुरीच्या बाबतीत विधिमंडळाने वेगळी वाट धरली. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्यात वेतनाच्या व्याख्येतच रजेच्या काळाचा मोबदला आणि नोकरी संपल्यामुळे कायद्याने देय होणारी रक्कम घातली होती. आणि त्याच्या २३ व्या कलमाने सांगितले होते की या कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. कायद्याला वेतनाची कमाल मर्यादा होती, २०१७ पासून ती महिना २४,००० रुपये झाली. तुये आणि डिचोलीच्या वसाहतींतील बहुतेक श्रमजीवी त्या मर्यादेच्या आतच येत असत. अशा माणसाने ‘रजेचे मागणे सोडले’ असे लिहून दिले, तर त्या वाक्याची किंमत कोऱ्या कागदाइतकीच. त्यासाठी जुलूमजबरदस्ती सिद्ध करण्याचीही गरज उरत नाही. उघड्या डोळ्यांनी, हसतमुखाने केलेली सहीसुद्धा तो हक्क मारू शकत नाही.

येथे मालकांच्या बाजूचा एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. भरघोस रक्कम घेऊन स्वेच्छानिवृत्ती पत्करावयाची आणि मागाहून आणखी काही मागावयाचे, हे न्यायालयांना रुचत नाही. सार्वजनिक क्षेत्रातील खत कारखान्यांच्या कर्मचाऱ्यांसंबंधी २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: योजनेचे पैसे समजूनउमजून घेऊन बाहेर पडलेल्याला मागील काळाच्या वेतनवाढीची मागणी करता येणार नाही. या निकालाचा आधार घेऊन प्रत्येक मुक्ततापत्राला अभेद्य तटबंदी म्हणून मिरवले जाते. पण तेथे मागणी होती वेतनवाढीची, जी मिळेल की नाही हेच अनिश्चित होते. कायद्याने मोजून दिलेल्या रजेची गोष्ट वेगळी. अनिश्चित आशेवर पाणी सोडता येते. कमावलेल्या मजुरीवर सोडून घेता येत नाही. ज्याने घसघशीत मोबदला घेतला आणि ज्याला केवळ त्याचेच पैसे परत मिळाले, या दोघांना एकाच तागडीत घालणे हा न्याय नव्हे.

आणि सही केली म्हणजे तोंड कायमचे बंद झाले, हे तत्त्व मालक स्वतःच्या बाबतीत तरी कोठे मानतात? पुरात माल बुडालेल्या गुजरातमधील एका कंपनीने विमा कंपनीला ‘सर्व रक्कम पोहोचली’ अशी पावती लिहून दिली आणि नंतर तक्रार केली की पैशाची निकड असल्यामुळे ती दडपणाखाली द्यावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ही तक्रार ऐकून घेण्याजोगी ठरवली. दबावाने घेतलेल्या पावतीने वाद संपत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. वकिलांची फौज पदरी बाळगणाऱ्या कंपनीची निकड जर न्यायालयाला समजते, तर चेकसाठी तीन तास बाकावर बसलेल्या वेल्डरची समजणार नाही काय? १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्स्पोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात याच न्यायालयाने स्पष्ट केले होते की, दोन पक्षांच्या बळात जमीन-अस्मानाचा फरक असताना दुबळ्याकडून छापील अटींवर करून घेतलेला अन्याय्य करार न्यायालय उचलून धरणार नाही.

रजेच्या पैशाला मालमत्तेचा दर्जा देण्यापर्यंतही न्यायालये पोहोचली आहेत. झारखंड राज्याच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी आणि रजेचे रोखीकरण हे घटनेच्या ३०० अ अनुच्छेदाखालील मालमत्ता मानले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या प्रकरणात, राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांच्याही शिल्लक रजेचा मोबदला हा पगारासारखाच आहे असे ठरवले. सावंतवाडी-कुडाळच्या वाचकांना या बँकेची ओळख करून देण्याची गरज नाही. हे दोन्ही निकाल सरकार वा सरकारी बँकेविरुद्धचे आहेत, आणि खाजगी कारखानदाराविरुद्ध घटनेचा तो अनुच्छेद थेट चालवता येत नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण कमावलेली रजा म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर मालक बदलल्याने बदलत नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण वाटेत आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३ क (२) कलमाखाली कामगाराने एकट्याने, संघटनेविनाही, कामगार न्यायालयाकडे जाऊन आपले येणे मोजून मागण्याची सोय होती. तेथे मालकाचा ठरलेला बचाव असा की, हे न्यायालय केवळ आकडेमोड करणारे आहे. मुक्ततापत्र आधी दुसरीकडून रद्द करून आणा. सेंट्रल बँकेच्या १९६३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या बचावाला बरेचसे उत्तर दिले: हक्क आधीच अस्तित्वात असेल, तर त्याच्या आड येणारे अनुषंगिक प्रश्न तेच न्यायालय पाहू शकते. रजेचा हक्क कायद्यातूनच आलेला असल्यामुळे तो या कसोटीला उतरतो. तथापि ‘आधी दिवाणी न्यायालयात जा’ एवढ्या शब्दांनीच कित्येक अर्ज लिहिले जाण्यापूर्वी मरतात.

शिवाय दार कोणते, हाही घोळ आहे. खाणींसाठी योग्य सरकार म्हणजे केंद्र सरकार, म्हणून खाणकामगाराची तक्रार वास्कोच्या केंद्रीय सहाय्यक कामगार आयुक्तांकडे जाते. कारखान्यातील कामगाराची पणजीच्या राज्य कामगार आयुक्तांकडे. एकाच वाड्यावरचे दोन भाऊ, एक खाणीवर आणि दुसरा वसाहतीत, एकाच दिवशी घरी बसले तर त्यांना दोन निरनिराळ्या दिशांच्या बस पकडाव्या लागतात. महाराष्ट्रातून वा कर्नाटकातून जाणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की दावा जेथे काम केले तेथला असतो; सावंतवाडीच्या वा बेळगावच्या कचेरीत खेटे घालून दिवस फुकट जातात.

ठेकेदाराच्या हाताखालच्या माणसाची स्थिती याहून बिकट. त्याचा ठेका वर्षा-अकरा महिन्यांनी बदलतो, प्रत्येक वेळी फारखती घेतली जाते, आणि रजेचे खाते पुन्हा शून्यावर येते. काम तेच, यंत्र तेच, मुकादमही तोच. पाटी तेवढी नवी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने बुडवलेल्या वेतनाची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती आणि नव्या संहितेतही ती आहे. तेव्हा ठेकेदार गाशा गुंडाळून गेला म्हणून हातपाय गाळू नयेत. धंदाच एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर काय, असेही विचारले जाते. २००९ साली धेंपो समूहाचा खाणव्यवसाय सेसा गोवाने सुमारे १,७५० कोटी रुपयांस घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्या व्यवहाराविषयी आमची काही तक्रार नाही. उदाहरण म्हणून तो आठवला. अशा हस्तांतरात नोकरी अखंड चालू राहिली असेल, तर डोंगराबरोबर रजेचे खातेही नव्या मालकाकडे गेले असे समजले पाहिजे. जुन्या मालकाची फारखती तेथे नव्याची ढाल होऊ शकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि वर सांगितलेले बहुतेक जुने कायदे त्यांत विलीन झाले. संहितांच्या एकंदर गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. रजेपुरते बोलावयाचे तर काही गोष्टी कामगाराच्या हिताच्या झाल्या आहेत. रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांचे काम पुरते, वर्षअखेर मागणी केल्यास शिल्लक रजेचे पैसे घेता येतात, नोकरी संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करावयाचे आहे, आणि वेतन संहितेखालील दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. तिच्याखालील येणे सोडून देणारा करार निरर्थक, हे तत्त्व ६० व्या कलमात कायम आहे. पूर्वीच्या काळात उपजलेले हक्क नव्या कायद्याने पुसले जात नाहीत. म्हणून जुन्या सह्यांवरही हा लेख तितकाच लागू आहे.

गोवा सरकारकडे आमची मागणी माफक आहे. कंपनीचे स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावेत, असे १९४६ सालीच कायद्याने सांगितले होते. कामावर असताना पाळावयाचे नियम कामगाराला त्याच्या भाषेत सांगावयाचे, आणि कामावरून जाताना त्याचे सर्वस्व लिहून घेणारा कागद मात्र इंग्रजीत ठेवावयाचा, ही कोणती नीती? मुक्ततापत्र मराठीत वा कोकणीत असावे. त्यात पगार किती, ग्रॅच्युइटी किती, रजेचे दिवस किती व त्यांचे रुपये किती, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. ते घरी नेऊन वाचण्यास दोन दिवस मिळावेत आणि सही कामगार अधिकाऱ्यासमोर व्हावी. ज्या मालकाचा हिशेब सरळ आहे त्याला यात भिण्याजोगे काही नाही. उलट त्यालाच न्यायालयात टिकेल असा कागद हाती मिळेल. तुये येथील लहान कारखानदाराला वर्षानुवर्षे टांगती तलवार नको असते, हे आम्हांस मान्य आहे.

ज्यांनी सही केलेलीच आहे, त्यांनी प्रथम त्या कागदाची नक्कल लेखी मागावी. हजेरीची व रजेची कार्डे, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे, बँकेचे पुस्तक आणि नाकारलेल्या रजेचे अर्ज असतील तर तेही एकत्र करावेत. दिवस आणि दर मांडून मालकाला नोंद टपालाने मागणीपत्र पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास खाणवाल्याने वास्कोची बस धरावी, कारखानेवाल्याने पणजीची.